छप्पर उडालं ३ जूनला, विम्याचा क्लेम आला डिसेंबरात: श्रीवर्धन तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

मी माणगावला छोटी-मोठी बांधकामं घेतो. निसर्ग वादळानंतर दोन वर्षं जवळपास फक्त छपरंच केली म्हटलं तरी चालेल. त्यातलंच हे एक घर. गाव, नावं, बँक, कंपनी काही लिहीत नाही कारण माणसं तिथेच राहतात, आणि ओळखू येईल असे एक-दोन बारकावे बदललेत. आकडे माझ्या वहीतलेच आहेत, फक्त गोल केलेत.

पार्श्वभूमी

घर समुद्रापासून तीनेकशे मीटरवर, मध्ये सुपारीची वाडी. जुना भाग ७०० स्क्वेअर फूट, चिऱ्याच्या भिंती, वर लाकडी वासे-रिपा आणि मंगलोरी कौलं, पुढे पडवी. मागे २०१७ मध्ये होमस्टेसाठी ५५० स्क्वेअर फुटांच्या दोन खोल्या वाढवल्या, त्यावर एमएस म्हणजे साध्या लोखंडी पाईपचा सांगाडा आणि सिमेंटचे पत्रे. या खोल्यांसाठी बँकेचं ८ लाखांचं कर्ज होतं. घरात काकू एकट्या. त्यांचे दोन मुलगे, मोठे दादा पनवेलला, धाकटा विरारला, दोघंही लॉकडाऊनमुळे मार्चपासून गावी येऊ शकलेले नव्हते, आणि होमस्टे अर्थातच बंद.

३ जून २०२० ला दुपारी वादळ किनाऱ्यावर चढलं. काकूंना आदल्या दिवशीच शाळेत नेलं होतं म्हणून जीव वाचला, घरात असत्या तर आढ्याचं लाकूड माजघरात त्या झोपतात तिथेच पडलेलं होतं.

मी तिसऱ्या दिवशी पोचलो. म्हसळ्याच्या पुढे रस्ताभर झाडं, बाईक काही ठिकाणी उचलून न्यावी लागली. लाईट नाही, नेटवर्क नाही. जुन्या भागाचं समुद्राकडचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, पूर्ण गेलेलं, पलीकडचं अर्धं शिल्लक. मागच्या खोल्यांवर एक पत्रा नाही, सांगाडा पिळवटून शेजारच्या वाडीत. पत्र्याचे तुकडे तर चार घरं सोडून सापडले.

छप्पर का उडालं

हे जरा सविस्तर लिहितो, कारण पुढचा सगळा क्लेम इथेच अडला.

सगळे म्हणत होते वाराच तसा होता. होताच. ताशी ११० ते १२० किलोमीटर आणि झोत त्याहून थोडे वर. पण आपल्याकडे वाऱ्याच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ भाग ३, त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. म्हणजे पुस्तकाप्रमाणे बांधलेलं छप्पर या वादळात टिकायला हवं होतं. (त्याच मानकात चक्रीवादळासाठी जो जादा गुणक आहे तो पूर्व किनारा आणि गुजरातच्या किनाऱ्याला लागतो, कोकणाला नाही. निसर्ग आणि पुढच्या वर्षीचं तौक्ते वादळ बघितल्यावर मला काही हे पटत नाही, पण तो वेगळा विषय.)

मग गेलं का? मी सांगाड्यापाशी पडलेला एक जे-हुक उचलला, ज्याने पत्रा पाईपला धरलेला असतो तो. बोटात धरून वाकवला तर बिस्किटासारखा मोडला. आतून पूर्ण गंज, मध्ये दोऱ्याएवढं लोखंड उरलेलं. तीन वर्षांत! खाऱ्या हवेत साधा हुक वापरला की हेच होतं. त्यात सांगाडा भिंतीवर नुसता ठेवून कडेने सिमेंट थापलेलं, बोल्ट एकही नाही. वारा छपराला दाबत नाही, वर खेचतो, आणि सगळ्यात जास्त खेचतो तो वळचणीला, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी. इथे वळचण अडीच फूट बाहेर काढलेली, पाहुण्यांच्या खुर्च्या भिजू नयेत म्हणून. मागचं दार वाऱ्याने फुटलं, वारा आत शिरला, आतून ढकललं, बाहेरून खेचलं, संपलं.

जुन्या भागात पडवीचे वासे आणि घराचे वासे एकच सलग होते. पडवी उचलली तिने घराचं पाखं सोबत नेलं.

अडचण

पाऊस तोंडावर होता. ११ जूनला हर्णैपर्यंत मोसमी पाऊस पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, हर्णै आमच्यापासून खाडीपलीकडेच. म्हणजे हातात आठवडा. पत्रे तालुक्यात मिळत नव्हते, मिळाले तर वाट्टेल त्या भावाने. ताडपत्रीला रांग. सुतार एकच, त्याचंही घर पडलेलं.

आणि विमा आहे का नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. काकू म्हणाल्या, "विमा कसला रे, आम्ही कधी काढला?" धाकट्याने विरारला बसून कर्जाच्या खात्याचं स्टेटमेंट काढलं, त्यात दरवर्षी एक छोटी रक्कम प्रीमियम म्हणून वजा होत होती. म्हणजे विमा होता, बँकेने कर्जासोबत काढलेला, पॉलिसीची कॉपी मात्र घरात कधी आलीच नव्हती. त्याने ६ तारखेला बँकेला आणि कंपनीला दोघांना मेल टाकला, ९ ला क्लेम नंबर आला. गावात नेटवर्क नसताना हे विरारमधून झालं हे नशीब, कारण पॉलिसीत लगेच कळवा आणि १५ दिवसांत तपशील द्या असं असतं.

पहिला निर्णय: झाकायचं का सर्व्हेअरची वाट बघायची

मी पोचल्या पोचल्या म्हटलं, "काकू, कशाला हात लावू नका, आधी फोटो होऊ दे." काकू भडकल्या. "घरात पाणी पडतंय नि तू फोटो कसले काढतोस!" मग मधला मार्ग काढला. दोन तास फोटो काढले, घराच्या चारी बाजूंनी, आतून, तुटलेल्या लाकडांचे, आणि त्याच दिवशी जुन्या भागावर ताडपत्री टाकली. १२ तारखेला सुताराला घेऊन जुन्या भागाचं कायमचं काम सुरू केलं.

मागच्या खोल्या मात्र मी तशाच उघड्या ठेवायला सांगितल्या, सर्व्हेअर म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस येईपर्यंत. ही माझी चूक, आणि सरळ चूक. ई-पास काढून तो आला २४ जूनला. तोवर दोन आठवडे पावसाचं पाणी खोल्यांत, वायरिंग गेलं, पीओपीचं सिलिंग भिजून खाली आलं. सर्व्हेअरने पहिलंच विचारलं, "हे उघडं ठेवायला कोणी सांगितलं?" पॉलिसीत उलटं लिहिलेलं असतं, की नुकसान वाढू नये म्हणून मालकाने जे शक्य ते करायचं. फोटो असले, तुटलेल्या वस्तू बाजूला ठेवल्या असल्या, तर झाकण्याने क्लेम जात नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसरा निर्णय: छप्पर कसलं

तीन मतं होती. मोठ्या दादांना स्लॅब हवा होता, वादळानंतर सगळ्या गावालाच हवा होता. मी नको म्हटलं. भर पावसात स्लॅब, सिमेंट-सळईचा पत्ता नाही, आणि मुख्य म्हणजे चिऱ्याच्या जुन्या भिंतींवर तो भार टाकायचा तर आधी कॉलम उभे करायला हवेत. म्हणजे घरच नवीन बांधल्यासारखं. धाकट्याचं मत सगळीकडे पत्रा मारून मोकळं व्हा. काकूंना कौलंच पाहिजे होती. "मे महिन्यात पत्र्याखाली तू झोपून दाखव," हा त्यांचा मुद्दा आणि तो खोडता येत नाही.

शेवटी जुन्या भागावर कौलं, मागे कलर कोटेड पत्रा असं ठरलं. कौलांत एक गंमत सांगतो. पडलेल्या घरांची जुनी कौलं स्वस्तात मिळत होती, एक टेम्पो उतरवला आणि बसवायला घेतलं तर खाच जुळेना. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत, दिसायला सगळी सारखीच लाल. अर्धा दिवस आम्ही अंगणात बसून शिक्के बघून ढीग लावत होतो. एक पाखं एका शिक्क्याचं, दुसरं दुसऱ्या. वळचणीच्या आणि कडेच्या तीन-तीन ओळी खालून तारेने रिपांना बांधल्या. पडवीचे वासे कापून तिचं छप्पर स्वतंत्र केलं, उद्या उडालीच तर एकटी उडेल.

मागे भिंतीच्या डोक्यावर काँक्रीटचा पट्टा ओतला, त्यात दर चार फुटांवर १२ एमएमचे बोल्ट आधीच बसवले आणि सांगाडा त्याला आवळला. पाईपांमधलं अंतर पाच फुटांवरून तीनवर आणलं. हुक बंद, रबरी वॉशरवाले स्क्रू, कडेला आणि आढ्याला प्रत्येक पन्हळीवर, मधल्या भागात एक सोडून एक. वळचण दीड फुटावर आणली, पाहुण्यांच्या खुर्च्या भिजल्या तर भिजू देत. फॅब्रिकेटर कुरकुरला की स्क्रू दुप्पट लागतात, पण जादा स्क्रूंचे पैसे हजारांत आणि छपराचे लाखांत.

एकूण खर्च, जुना भाग १ लाख ४५ हजार आणि नवा भाग २ लाख ३५ हजार.

सरकारी मदत

पंचनामा झाला, तलाठ्याने अंशतः पडझड लिहिलं. सरकारने त्या वेळी नियम वाढवले होते, पूर्ण पडलेल्या घराला ९५ हजारांच्या जागी दीड लाख, अंशतःला ६ हजारांच्या जागी १५ हजार. यांना १५ बसले. तेही अडकले कारण ग्रामपंचायतीच्या असेसमेंट (घरपट्टीच्या) उताऱ्यावर घर अजून काकूंच्या सासऱ्यांच्या नावावर, आणि ते वारून वीस वर्षं झालेली. चुलत दिरांची संमतीपत्रं गोळा करण्यात पावसाळा गेला. पैसे दिवाळीच्या आसपास खात्यात आले.

तिसरा निर्णय: क्लेम कुठल्या बाजूने मांडायचा

हा या प्रकरणाचा खरा पेच. पॉलिसीची कॉपी बँकेकडून आली तेव्हा कळलं की विमा ८ लाखांचा, म्हणजे कर्जाएवढा, आणि मालमत्तेच्या रकान्यात नुसता घर क्रमांक. जुना भाग, नवा भाग असं काही नाही, छप्पर कसलं तेही नाही.

आता सर्व्हेअरचं गणित बघा. आम्ही मागितले ३ लाख ६० हजार, त्यात जुनं छप्पर १ लाख ३०, नव्या खोल्या वायरिंग-सिलिंग धरून १ लाख ९०, आणि गाद्या-फ्रिज ४० हजार. सामानाचा विमाच नव्हता, ते ४० गेले. उरले ३ लाख २०. त्यातून घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, ८० हजार, भिजलेल्या वायरिंगवर तर त्याने तो सढळ हाताने लावला. पिळवटलेल्या पाईपांचं भंगार १५ हजार वजा. राहिले सव्वादोन लाख. इथवर ठीक. मग तो म्हणाला, घर १२५० फूट, १६०० रुपये दराने किंमत २० लाख, विमा ८ लाखांचा, म्हणजे तुम्ही ४० टक्केच घर विमवलंय, तर नुकसानही ४० टक्केच मिळेल. ९० हजार.

याला ॲव्हरेज क्लॉज म्हणतात आणि बहुतेकांना वाटतं तसं ते नसतं. आपण समजतो ८ लाखांचा विमा आहे, नुकसान सव्वादोन लाखांचं, म्हणजे सगळं मिळेल. तसं नाही, कमी विमा काढला तर प्रत्येक नुकसानात तेवढा वाटा तुमचा.

धाकटा म्हणाला मग असं मांडू की विमा फक्त नव्या खोल्यांचा आहे, कर्ज त्यांचंच होतं. त्यांची किंमत ८ लाख ८०, विमा ८, म्हणजे जवळपास पूर्ण. हिशोब केला तर सव्वा लाखाच्या पुढे जात होतं. ऐकायला बरोबर. पण बँकेने काढलेल्या त्या जुन्या फायर पॉलिसीत, जिच्यात वादळही धरलेलं होतं, दुसरं कलम होतं, इमारत ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामी राहिली आणि कंपनीला कळवलं नाही तर संरक्षणच थांबतं. नव्या खोल्या मार्चपासून रिकाम्या होत्या. शिवाय त्या भाड्याने देत होतो आणि विमा राहत्या घराचा. म्हणजे सव्वा लाख मागायला जाऊन शून्य हातात येण्याची शक्यता.

उलट सगळं एकच घर म्हटलं तर काकू तिथे रोज राहत होत्या, रिकामं हा प्रश्नच येत नाही. ज्या एका घर क्रमांकाने रक्कम ४० टक्क्यांवर आणली त्याच क्रमांकाने क्लेम वाचवला. दोन रात्री फोनवर भांडून शेवटी एकच घर असं मांडायचं ठरलं. मला अजूनही तो निर्णय बरोबर वाटतो, धाकट्याला वाटत नाही.

कंपनीने सप्टेंबरात पत्र पाठवलं, हुक गंजलेले होते तेव्हा हे देखभालीअभावी झालंय, वादळाने नाही. इथे पुन्हा ते पहिल्या दिवशीचे फोटो कामाला आले. जुन्या भागाचं आठ इंची लाकडी आढं मोडलेलं, आजूबाजूच्या घरांची तीच अवस्था, सोबत पंचनाम्याची नक्कल. गंज होता हे आम्ही नाकारलं नाही, म्हटलं की हे सगळं त्याच दुपारी गेलंय, २ जूनला छप्पर जागेवर होतं.

त्या वेळच्या नियमाने सर्व्हेअरचा रिपोर्ट नेमणुकीपासून ३० दिवसांत आणि त्यानंतर ३० दिवसांत निर्णय यायला हवा होता. नोव्हेंबर उजाडला तेव्हा दादांनी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं की आता पुण्याच्या विमा लोकपालाकडे जातोय. तिथे फी नाही, वकील लागत नाही. डिसेंबरात ९० हजार मंजूर झाले.

आणि ते गेले कर्जाच्या खात्यात! पॉलिसीवर बँकेचं नाव असलं की पैसे आधी बँकेला. घर आम्ही कधीच बांधून मोकळे, फॅब्रिकेटरची उधारी बाकी, आणि पैसे हप्त्यात वळते. धाकट्याने करोनाच्या सवलतीत पीएफमधून काढलेले पैसे आणि काकूंच्या दोन बांगड्या, यावर छप्पर उभं राहिलं होतं. बँकेला दुरुस्तीची बिलं दाखवून पैसे सोडवता येतील का असं विचारायला हवं होतं, आणि ते मंजुरीच्या आधी. कुणालाच सुचलं नाही.

निकाल

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी भारत गृह रक्षा नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे आली. यात घराची रक्कम कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर अशी काढतात, दरवर्षी १० टक्के आपोआप वाढते, घराच्या रकमेच्या २० टक्के इतकं सामान, १० लाखांपर्यंत, वेगळी यादी न देता धरलं जातं, आणि तो ४० टक्क्यांचा खेळ यात नाही. काकूंच्या भागाला ही घेतली, छप्पर कौलारू असं स्पष्ट लिहून. होमस्टेच्या खोल्यांना धंद्याची वेगळी, छोट्या उद्योगांसाठीची. दोन्ही एप्रिलमध्येच घेतल्या, वादळाचा इशारा आल्यावर कोण देतंय.

१६-१७ मे ला तौक्ते किनाऱ्याने वर सरकलं. श्रीवर्धनला ते निसर्गसारखं थेट नाही बसलं हे मान्य, त्यामुळे माझ्या कामाची पूर्ण परीक्षा झाली असं मी म्हणणार नाही. पडवीचं छप्पर एका कोपऱ्यातून सुटलं, वीसेक कौलं गेली, घराचं पाखं जागेवर. मागचा एक स्क्रूही हलला नाही. एवढ्यासाठी क्लेम केला नाही, सुताराने दोन दिवसांत बसवलं.

आज करायचं झालं तर

मागच्या खोल्या पहिल्याच दिवशी झाकेन. मोडके हुक, स्क्रू, लाकडाचा तुकडा तारखेची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवेन. पॉलिसीची कॉपी बँकेकडून कर्ज घेतानाच मागून घेईन आणि रकमेचा रकाना वाचेन, प्रीमियम किती हे नंतर. घर महिनाभर बंद राहणार असेल, चाकरमान्यांची तर निम्मी घरं असतातच, तर कंपनीला मेल टाकून ठेवेन.

शाकारणीला लोक मेमध्ये कौलं परततात, पत्र्याकडे कुणी बघत नाही. आता काकू दर मे महिन्यात मला फोन करतात, "ये रे, ते स्क्रू बघून जा." मी जातो, गंजलेले चार-पाच बदलतो आणि प्रत्येक बाजूचा एक फोटो काढून धाकट्याला पाठवतो.

उताऱ्यावर नाव मात्र अजून सासऱ्यांचंच आहे. एक चुलत दीर सही द्यायला तयार नाहीत.